जावईबापूंचा लॅपटॉप

ऑफिसचा बारा वर्षं जुना सर्व्हर मी सांभाळतो. साहेबांच्या जावयाने नवा लॅपटॉप आणून त्याच्याशी शर्यत लावली. दोघांना एकच अहवाल बनवायला दिला. लॅपटॉपने तो चार मिनिटांत उरकला, सर्व्हरला नऊ लागली. त्याच नऊ मिनिटांत सर्व्हर चाळीस जणांचं कामही ओढत होता, हे मी सांगून पाहिलं.

"तुमचा जीव जडलाय त्या खटाऱ्यावर," साहेब म्हणाले.

सोमवारी सर्व्हर बंद करून सगळ्यांचं काम लॅपटॉपवर टाकलं. एक वाजता जावईबापूंनी सवयीप्रमाणे लॅपटॉप मिटला, काखोटीला मारला आणि ते जेवायला गेले. चाळीस जणांचं काम जागच्या जागी ठप्प. साहेब धावत माझ्याकडे आले.

मी शांतपणे विचारलं, "जावयाला भरल्या ताटावरून उठवू म्हणता?"