लेकीची लस

सकाळी सकाळी नवराबायकोची जुंपली. विहिरी खोदणारा गडी अंगणात दोर तपासत होता, बायको तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी.

"आज लस टोचायचीय. येताय ना?"

"सुताराच्या नातवाला टोचल्यावर झटका आला, ठाऊक आहे ना?"

"आला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं. अन् मागच्या गल्लीतलं लेकरू? लस टाळली, डांग्या खोकल्यानं गेलं. ते कसं विसरता?"

गड्यानं दोर खाली ठेवला. त्या लेकराचा खड्डा त्यानंच खणला होता. सदरा चढवून तो निघाला.

गावात त्याला वाघ म्हणत. दोराला लोंबकळत खोल विहिरीत उतरायचा ना! वाघाला सुईचं वावडं आहे, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

दवाखान्यात त्यानं उसनं अवसान आणलं. "बाई, लेकीला काही होणार नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगा."

"तसं नाही सांगणार," नर्सबाई म्हणाल्या. "ताप येईल, मांडी दुखेल. ते नेहमीचंच. तापात झटका क्वचित कुणाला येतो, बहुतेक पोरं त्यातून बरी होतात. जोराची रिअ‍ॅक्शन लाखांत एखाद्याला. म्हणून तर अर्धा तास इथं बसवते, औषध हाताशी ठेवते. डांग्या खोकला एवढी सवड देत नाही. तुम्हाला तरी दोर तुटणारच नाही असं कुणी सांगितलंय?"

"नाही. तपासतो आणि उतरतो."

"मग?"

"टोचा."

सुई मांडीत शिरली. लेक किंचाळली, आणि धप्पकन आवाज झाला. वाघ आडवा! लेक आईच्या कुशीत गप्प झाली, पण अर्धा तास दोघांवर लक्ष ठेवावं लागलं.

संध्याकाळी लेकीला ताप भरला. गडी धापा टाकत बाईंकडे.

"सकाळी तापाचं औषध दिलं होतं, ते पाजलंत?"

"नाही. आधी घाबरून घेतलं."

औषध पोटात गेलं, उजाडता ताप उतरला. लेकीनं बापाची मिशी ओढली. गड्याचे डोळे भरले. मिशी ओढल्यामुळं, असं त्यानं बायकोला सांगितलं.

पुढच्या लसीला तो आपणहून लेकीला घेऊन गेला. आत शिरताच भिंतीला टेकून फरशीवर बसला.

"अहो, खुर्ची आहे की," बाई म्हणाल्या.

"असू द्या. इथून पडलो तर कमी लागेल. टोचा."