नदीकाठच्या रस्त्याचं नाव

नबीलच्या जर्मन गावाचं नाव मला अजून धड घेता येत नाही, पण तिथला सगळा कारभार मात्र मला तोंडपाठ. जेमतेम चार हजार वस्ती. जुन्या लढायांत तीनदा जळलं, तिन्ही वेळा गावकऱ्यांनी उभं केलं. नगराध्यक्ष बिनपगारी, दिवसा स्वतःची बेकरी चालवतो, संध्याकाळी नगरपालिकेत बसतो. आगीचा बंबही गावातली माणसंच चालवतात, फुकट. तिथल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून गेलेला माझा लेक वर्षाच्या आत त्या बंबावर चढला.

"परक्या गावासाठी तू कशाला धावतोस रे?" मी फोनवर खेकसले.

"अम्मी, इधर सब मुझे अपना समझते हैं," तो हसत म्हणाला.

ह्यांना तर कोण अभिमान! तीस वर्षं इथे रियाधमध्ये एसी दुरुस्त करतायत, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत वाढवून घेत जगतायत. मेट्रोत कोणी रत्नागिरीचा भेटला की ह्यांचं सुरू, "गावान पोराला आपला मानलान."

गेल्या आठवड्यात नदी चढली. वृद्धाश्रमातली माणसं बाहेर काढून नबील शेवटच्या म्हातारीसाठी पुन्हा आत गेला, एवढंच कळलं. तेव्हापासून त्याचा फोन बंद. ह्यांच्या कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, रजा दिली, पण जर्मनीचा व्हिसा उभ्या उभ्या कोण देणार? धाकट्या लेकीला, अफशाँला, मी सारखा त्या बेकरीवाल्याला फोन लावायला सांगायचे. तो म्हणायचा, शोधतोय. त्या एका शब्दावर मी जगत होते.

आज त्यानेच फोन केला. अफशाँ त्याचं इंग्रजी ऐकून सांगत होती. "अम्मी, काल नगरपालिकेची सभा झाली. सगळ्यांनी हात वर केले. नदीकाठच्या रस्त्याला भाईजानचं नाव देणार."

"केवढा मान दिलान गावान," हे म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

माझं डोकंच फिरलं. फोन हिसकावून मी मराठीतच ओरडले, "रस्त्याला नाव मेलेल्या माणसाचं देतात! माझा पोरगा मेला हे कोणी ठरवलं? तुमच्या सभेने? मला नको तुमचा रस्ता. माझा नबील शोधा!"

मी फोन अफशाँकडे दिला. "विचार त्याला, अजून शोधतायत ना?"

तिने विचारलं. बराच वेळ ऐकत राहिली.

"अम्मी, शोध परवाच थांबवला. तुला नुसतं तेवढंच सांगायचा त्यांना धीर होईना, म्हणून त्यांनी आधी सभा घेतली."