आजच्यापुरती मामी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

मुलाखतीची तालीम चालली होती. टेबलाच्या एका बाजूला नवरा बसला होता, नाकावर आपल्या आईचा चष्मा चढवून. मुलाखत घेणाऱ्या अध्यक्षांना चष्मा असतोच, अशी त्याची ठाम समजूत होती. समोर ती. त्याचा प्रश्न विचारून झाला होता आणि तिच्याकडून उत्तर येत नव्हतं.

"तुम्हाला मुलंबाळं आहेत का?" त्यानं पुन्हा विचारलं.

ती उठली. गॅस बारीक केला, झाकण काढून ओट्यावर ठेवलं. आतल्या खोलीत त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी दुपारची झोपली होती. दिवसभर घरभर गरगरत असायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. झोपेतही तिचा एक पाय पांघरुणाबाहेर हलत होता.

"नाही म्हण ना," नवरा हळूच म्हणाला. "दोन अक्षरं आहेत."

"मला येतात अक्षरं."

"मग अडतं कुठं?"

तिनं आतल्या खोलीकडं पाहिलं. त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं उगाच पुसत बसला.

ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त घ्यायचं काम करायची. सुई इतकी अलगद जाई की मुलांच्या वॉर्डात तिचं नाव 'डासताई' पडलं होतं. पण रक्ताची नळी पुढं जायची आणि माणूस मागं राहायचा. त्याचं पुढं काय झालं, हे तिला कधी कळत नसे. त्या माणसाबरोबर पुढं जायचं, एवढ्यासाठी तिला डॉक्टर व्हायचं होतं. लेखी परीक्षेत ती दोनदा वरच्या मुलांत आली होती. राहिली होती ती मेडिकल कॉलेजची मुलाखत. एका जागेसाठी आठ जणांना बोलवत. लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा म्हणे, "आमच्या लिफ्टमध्ये आठ जण चढले तर आठही वर जातात. तुमचीच लिफ्ट अशी कशी, सात जणांना तळमजल्यावर सोडते?"

गेल्या वर्षी ती तळमजल्यावर राहिली होती. तेव्हाही मुलाखत घेणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि ती हसतमुखानं खरं बोलली होती. "एक मुलगी आहे, अडीच वर्षांची." टेबलापलीकडचे चेहरे विरघळले होते. अरे वा! बोलते का? कोणासारखी दिसते? रात्री झोपू देते का? सगळे इतकं गोड बोलले की ती तरंगतच बाहेर आली. परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की शरीराबद्दल, आजाराबद्दल, ती काय शिकली याबद्दल कुणी एक शब्दही विचारला नव्हता. तिची मुलाखत पहिल्या उत्तरालाच संपली होती. बाकीचा वेळ त्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

"तसंच करतात ते," शिकवणीच्या बाई नंतर म्हणाल्या होत्या. "अर्जात हा प्रश्न नसतो. तोंडी विचारतात, म्हणून कुणाला दाखवता येत नाही. इतकी वर्षं मी मुली पाठवतेय, पदरी मूल असलेली एकही आत गेलेली मी पाहिली नाही."

"आणि मूल असलेले पुरुष?"

"त्यांना विचारतात की. आणि अभिनंदन करतात." बाईंनी खडूचे हात झटकले. "हे बघ, भिंत पाडायची माझी ताकद नाही. दार कुठं अरुंद आहे, तेवढं मी सांगते. पुढच्या खेपेला मूल नाही म्हण. वयाच्या अटीत बसायची तुझी ती शेवटचीच वेळ."

आता ती शेवटची वेळ आली होती. घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. कॉलेज दूरच्या शहरात, आदल्या रात्री मुक्काम. नवऱ्याला रजा मिळेना, आणि भिंगरीला अधूनमधून रात्री दम लागायचा. तोंडावर मास्क धरून औषधाचा पंप द्यायचा तो आईनंच, तिला मांडीवर घेऊन. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दाद देत नसे. म्हणजे भिंगरीला न्यायचंच होतं, आणि सोबत सासूबाईंना.

"नेऊ की," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या त्या बाई, कुठलीही गोष्ट बेतून पाहायची त्यांची सवय. "कुणी विचारलंच, तर नणंदेची मुलगी म्हणून सांग."

"बहिणीची म्हणणार होते मी, आई."

"मग मी तिची कोण लागते, ते सांगत बसावं लागेल. नणंदेची म्हटलंस की मी आजीची आजीच राहते. खोटं निम्म्यावर येतं." मग त्या स्वतःशीच हसल्या. "मुलगी हवी होती मला. व्हायची तेव्हा झाली नाही, आता या वयात झाली!"

"आणि मला मामा बनवलंत," नवरा म्हणाला.

तिघंही हसले. पोट धरून हसले. ती हसता हसता उठली आणि नळ मोठा सोडून भांडी घासू लागली. भांडी स्वच्छच होती.

मग त्यांनी भिंगरीला एक खेळ शिकवला, आणि तो तिला फार आवडला. आई दिसली की हात मागं बांधून उभं राहायचं आणि म्हणायचं, 'मामी'. चुकून 'आई' म्हटलं की आऊट. दोन दिवसांत ती आऊट व्हायची थांबली.

वाचणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, या घरात वाईट माणूस कुणीच नव्हता. तिला पुढं ढकलायला सगळ्यांचे हात लागलेले होते. म्हणूनच ही गोष्ट सांगायला जड जाते.

मुलाखतीच्या दिवशी आजी आणि नात कॉलेजसमोरच्या बागेत बसणार होत्या. पण भिंगरीला शू लागली. दारावरचा पहारेकरी भला माणूस. तो म्हणाला, "आत जा, आजी. आणि या उन्हात परत कशाला जाता, तिथंच खुर्चीवर बसा." अशा रीतीनं, कुणाचीही चूक नसताना, भिंगरी त्या लांबट खोलीत येऊन पोचली, जिथं इस्त्रीच्या कपड्यांतले उमेदवार ओळीनं बसले होते.

आई दिसताच ती धावली. मग एक पाऊल अलीकडं थबकली, हात मागं बांधले आणि मोठ्यानं म्हणाली, "मामी, मला शू लागली होती. झाली!"

सगळी खोली हसली. भिंगरी तिच्या तोंडाकडं बघत राहिली, आपण किती शहाणे ठरलो ते तिला बघायचं होतं. आणि आईनं, दुसऱ्याच्या मुलाला थोपटावं तसं, तिच्या डोक्यावर दोन बोटं टेकवली.

शेजारच्या खुर्चीवरचा तरुण तेवढ्यात मुलाखत देऊन बाहेर आला. खुशीत त्यानं फोन पुढं केला. "हे आमचं बाळ, पंधरा दिवसांचं. अध्यक्षांनी हात मिळवला हो! म्हणाले, बाप झाला की पुरुषाला जबाबदारी कळते." मग भिंगरीकडं बघून, "गोड आहे. तुमची का?"

"नणंदेची," ती म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली ती इथं, आणि वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. त्याचीच तिला भीती वाटली.

नंतर भिंगरी खोकली. एकदा, मग लागोपाठ. आईचे कान टवकारले. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. सासूबाईंनी पिशवीत हात घातला, पंप सापडला तर मास्क सापडेना. ती उठणार, तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायानं तिचा क्रमांक पुकारला.

"जा तू," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे ना."

ती गेली. दार मागं लागलं.

पाच जण होते. मधे अध्यक्ष, त्यांना खरोखरच चष्मा होता. कडेला पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टरीणबाई. बसतानाच प्रश्न आला, चहा घेणार का विचारावं तितका सहज.

"मुलंबाळं?"

"नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली, आणि मग प्रश्न आले. हृदयाबद्दल, रक्ताबद्दल, न उतरणाऱ्या तापांबद्दल. गेल्या वर्षी ज्यांच्यासाठी ती आसुसली होती, ते सगळे प्रश्न. तिला सगळे येत होते. आणि दाराबाहेर खोकल्याची जागा आता शिट्टीनं घेतली होती.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी मान वर केली. "ऐकताय? बाहेर कुणाला तरी दम लागलाय."

अध्यक्षांना गंमत वाटली. "वा, आयताच प्रश्न मिळाला. सांगा पाहू, काय वाटतं तुम्हाला?"

ती सांगू लागली. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. "श्वास सोडताना शिट्टी येतेय. म्हणजे बारीक नळ्या आवळल्यात. लहान मूल आहे. घाबरलं की आणखी वाढतं. सरळ बसवून मास्कमधून पंप द्यायला हवा. आधी... आधी शांत करायला हवं."

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "इतकं ओळखलंत, तुमच्या सोबतचं का ते मूल?"

"नणंदेची मुलगी."

"जायचं असेल तर जा," पांढऱ्या केसांच्या बाई तिच्याकडं रोखून बघत म्हणाल्या.

जा म्हटलं होतं. कुणी धरून ठेवलं नव्हतं. पण नणंदेच्या मुलीसाठी आयुष्यातली शेवटची मुलाखत सोडून कुठली मामी धावते? धावली असती तर दारापर्यंत पोचायच्या आत सगळं कळलं असतं. शिवणयंत्रावर वाकलेली सासूबाईंची पाठ तिला आठवली, शिकवणीची फी, नवऱ्याच्या जादा पाळ्या.

"तिची आजी आहे सोबत," ती म्हणाली. आणि बसून राहिली.

बाई उठून स्वतःच बाहेर गेल्या. अध्यक्ष खूश झाले. "डोकं शांत आहे तुमचं. आम्हाला हेच हवं असतं. पोरंबाळं असलेल्या बायका अशा वेळी सगळं टाकून धावतात."

ती बाहेर आली तेव्हा शिट्टी थांबली होती. भिंगरी आजीच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, गालांवर मास्कचा गोल वळ. तिनं डोळे उघडून आईकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी पंप तिच्या हातात ठेवला. "पुढच्या वेळी पंप देताना मांडीवर घ्या," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझ्या मांडीवर बसेना. कुणाची तरी मांडी शोधत होती." त्यांचे ओठ आणखी काही बोलायला हलले. कितीतरी वर्षं त्या त्याच टेबलाशी बसत होत्या. 'मुलंबाळं?' हा प्रश्न त्यांच्याही तोंडून गेला असेल. मग त्या वळल्या आणि आत गेल्या. आत पुढचा उमेदवार थांबला होता.

ती निवडली गेली.

नवऱ्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. शिकवणीच्या बाईंचा फोन आला. त्या रडल्या, आणि रडता रडताच म्हणाल्या, "पण आता सांभाळ हं. खोटं उत्तर दिलं असं निघालं तर जागा काढून घेतात. शिक्षण होईपर्यंत तिकडं कुणाला कळू देऊ नकोस."

"म्हणजे पाच वर्षं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी शिवणयंत्राला उगाच तेल घातलं.

एक गोष्ट मात्र घरात कुणी बोलून दाखवली नव्हती. मुलाखतीहून परतल्यापासून भिंगरी आईला हाकच मारत नव्हती. 'आई' नाही, 'मामी' नाही. दूध हवं असलं की जवळ यायची आणि तिची बाही ओढायची. रात्री दम लागला तरी अंधारात चाचपडत बाहीच शोधायची. "खेळ संपला गं राणी," आई तिला कुशीत घेऊन सांगायची. "आता कुणी आऊट नाही." भिंगरी मान हलवायची आणि बाही घट्ट धरायची.

पहिल्या दिवशी सोडायला सगळे गेले. नवऱ्याच्या खांद्यावर बिछाना, सासूबाईंच्या हातात डबा. फाटकाआत पायऱ्यांवर तो तरुण उभा होता, छातीशी आपलं बाळ घेऊन. त्याचीही निवड झाली होती. त्याच्याभोवती घोळका जमला होता. कुणी बाळाचा पाय धरत होतं, कुणी टाळी वाजवून त्याला हसवत होतं. चष्मेवाले अध्यक्षही वाकून म्हणत होते, "काय राव, डॉक्टरसाहेबांना सोडायला आलात होय?" सगळ्यात वरच्या पायरीवर पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी फाटकाकडं पाहिलं आणि त्यांची नजर तिथंच थांबली.

ती भिंगरीचा हात धरून फाटकात आली. मुठीतली ती लहान बोटं घामेजली होती. आणखी चार पावलांवर घोळका होता.

भिंगरी थांबली. तिनं आधी बाळाकडं पाहिलं, मग त्याच्या बापाकडं, मग त्या सगळ्या हसऱ्या माणसांकडं. मग आईची बाही ओढली. आई खाली वाकली, तसं भिंगरीनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"इथं मी तुला काय म्हणायचं?"