सात अक्षरं आणि दोन सुना

दुपारी तीन वाजता अण्णा वर्तमानपत्रातलं इंग्रजी अक्षरांचं कोडं कापून टेबलावर ठेवायचे, आणि थोरली सून पदराला हात पुसत त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसायची. तेरा वर्षं हे चाललं होतं. एका चक्रात सहा अक्षरं, मधोमध सातवं. मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, आणि चार अक्षरांखालचा शब्द चालायचा नाही. सातही अक्षरं खर्ची घालणारा शब्द सापडला, की सासरेबुवा तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहीत. तेरा वर्षांत जेमतेम एकोणीस झाले होते. थोरली सातवी शिकून या घरात आली होती. तिचं सगळं इंग्रजी याच टेबलावरचं.

अण्णांनी उभा जन्म औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासण्यात घालवला होता, त्यामुळे शब्द नुसता सांगून त्यांच्याकडे भागत नसे. ते विचारत, "कुठे भेटला?" मग कुठल्या बाटलीवर, कुठल्या पाटीवर, कुणाच्या तोंडी, ते सांगायचं. भेटच झाली नसेल तर शब्द बाद. थोरली सकाळी कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून रफू करायची, बटणं लावायची. तिचे निम्मे शब्द लोकांच्या कोटांच्या कॉलरीत सापडलेले.

मग धाकटीचा पाय मोडला. धाकट्या दिराचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून प्लास्टर निघेपर्यंत तिने इथे तळमजल्यावर राहावं असं थोरलीनेच सुचवलं. दुसऱ्याच्या मोडक्या पायापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

धाकटी इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून शिकलेली. पहिल्याच दुपारी ती टेबलाशी आली. प्लास्टरचा पाय ठेवायला स्टूल लागलं, ते फक्त उजवीकडे मावलं, आणि थोरली आपोआप डावीकडे गेली. डाव्या कानाने अण्णांना कमी ऐकू येई. तिला प्रत्येक शब्द दोनदा सांगावा लागू लागला, आणि दुसऱ्यांदा सांगेस्तोवर तो धाकटीचा सांगून झालेला असे. ती मटार सोलावेत तसे शब्द काढायची. अण्णांनी सवयीने विचारलं, कुठे भेटला? ती हसून म्हणाली, कुठे म्हणून सांगू, लहानपणापासून येतातच ना. अण्णाही हसले. बरोबर आहे बेटा, तुला काय विचारायचं, म्हणाले, आणि तिच्यापुरता नियम उठला. थोरली तेरा वर्षांत एकदाही 'बेटा' झाली नव्हती. ती 'अगं' होती.

धाकटी वाईट असती तर निदान काम सोपं झालं असतं. पण ती थोरलीच्या हातच्या जेवणाची तारीफ करायची, बसल्या बसल्या भाजी निवडून द्यायची, आणि 'ताई, ताई' म्हणताना तिच्या जिभेवर साखर नव्हती, खरंच माया होती. अशा माणसाचा मत्सर करायला दुप्पट मेहनत पडते. थोरली ती मन लावून करत होती.

तीन आठवड्यांत सात अक्षरी शब्द दोनदा निघाला, दोन्ही वेळा धाकटीकडून. दारावर आता कुलपाच्या वर एकाच ओळीची जागा उरली. ती ओळ आपली झाली पाहिजे, एवढंच थोरलीच्या डोक्यात बसलं.

गुरुवारी ती लवकर घरी आली. चक्रात एल, यू, एन, डी, आर, वाय आणि मधोमध ए. दुकानातल्या गल्ल्यावरच्या मुलीने तिला फोनवर एक जागा दाखवली होती: अक्षरं घातली की त्यांतून होणारे सगळे शब्द धबाधबा खाली येतात. कुकरच्या शिट्ट्यांच्या आडोशाने तिने ती सात अक्षरं घातली. यादीत सगळ्यात वर एकच शब्द होता. लॉन्ड्री.

तिच्या दुकानाची पाटी. तांबडी, एकेक अक्षर वीतभर. अकरा वर्षं ती त्या पाटीखालून आत जात होती. धड दोन मिनिटं शांत बसली असती तर स्वतःच सापडला असता. पण जळण्यातून सवड होती कुणाला?

तीनला सगळे बसले. धाकटी 'लूनर'पासून सुरू झाली. थोरलीने 'डार्न', म्हणजे आपलं रफू, दिला, 'यार्ड' दिला, आणि मग मोठ्याने, एकदाच, तो शब्द.

"कुठे भेटला?"

"दुकानाच्या पाटीवर."

अण्णांनी टेबलावर थाप मारली. धाकटीला म्हणाले, बघ, याला म्हणतात शब्द, रोज याच्या सावलीतून जाते ही. धाकटीने मनापासून टाळ्या वाजवल्या. अण्णा पेन्सिल घेऊन कपाटाकडे गेले. एवढं कौतुक थोरलीने तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी तो शब्द तिला आपला वाटेना.

"अण्णा, लिहू नका. तो फोनमध्ये भेटला. आधीच बघून ठेवला होता."

अण्णा वळले. "का?"

थट्टेवारी न्यावं असं तिला वाटलं, पण जीभ सरळच चालली. "हिच्यावर जळून. हिला तुम्ही काही विचारत नाही. माझी तेरा वर्षं जबानी घेताय."

धाकटी प्लास्टरकडे बघत राहिली. अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली, काही न लिहिता कपाट लावलं आणि खुर्चीत येऊन बसले. कात्रण बोटांनी सपाट केलं. मग धाकटीला म्हणाले, "लूनर. कुठे भेटला?"

ती आधी हसली. मग हसू राहिलं नाही. वसतिगृहाच्या भिंतीवर चंद्राच्या कलांचा तक्ता होता, म्हणाली, त्यावर हा शब्द. बाईंनी सांगितलं होतं, चंद्राची एक फेरी झाली की बाबा भेटायला येतील. ती सात वर्षांची होती. रोज एका चंद्रावर बोट ठेवायची. "तीन फेऱ्या झाल्या," ती म्हणाली.

अण्णांनी आपली खुर्ची पुरती तिच्याकडे वळवली. थोरली पुन्हा जळली. घ्या, नियम आपणच भांडून मागून घेतला आणि त्यातही हीच पुढे. आता आपल्या कोटांच्या कॉलरींना कोण विचारतंय?

"जाऊ दे, काही नाही," धाकटी म्हणाली.

थोरलीने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि स्टुलाच्या पलीकडे, प्लास्टरला धक्का न लावता, ठेवली.

"जाऊ दे काय? चौथ्या फेरीला आले का ते?"