घरचं मत

निवडणूक होऊन महिना उलटला तरी डब्लिनमध्ये सरकार बसायचं नाव घेत नव्हतं. जन्मभर एकमेकांचं तोंड न बघणारे दोन मोठे पक्ष आता गळ्यात गळे घालायला तयार झाले होते, पण दोघांची बेरीज करूनही बहुमताला थोडी डोकी कमीच पडत होती. मग काय, अपक्षांचे भाव वधारले. ज्यांना कालपर्यंत कुणी चहा विचारत नव्हतं, त्यांच्या मागेपुढे पुढारी फिरू लागले. त्यातलाच एक पश्चिमेकडच्या मेयो परगण्याच्या किनाऱ्यावरचा खासदार, जार्लथ गिल्डे. इटाचा नवरा.

जार्लथ तिकडे वाटाघाटींत अडकला आणि इकडे इटाच्या स्वयंपाकघराला कचेरीची कळा आली. कुणाला मासेमारीचा धक्का दुरुस्त करून हवा होता, कुणाला बंद पडलेला दवाखान्याचा वॉर्ड. माणसं मागच्या दारानं थेट चुलीपाशी येत आणि गाऱ्हाणं सांगून, चहा पिऊन जात. शेजारची डेलिया तर रोजच हजर.

"अगं, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घे," सोडा ब्रेडवर लोणी थापत डेलिया म्हणाली. "एकदा सरकार बसलं की कुत्रं विचारत नाही."

"मी काय मागू?"

"रस्ता माग की. तुझ्या दारातल्या खड्ड्यांत गाढवसुद्धा लंगडं होईल."

इटा हसली. रस्ता नवरा घरी येण्याइतका बरा होता, तेवढं तिला पुरे होतं. तिला नवराच हवा होता.

तसा जार्लथ शुक्रवारी घरी यायचा, नाही असं नाही. पण शनिवार लोकांच्या तक्रारींत जायचा आणि रविवार प्रेतयात्रांत. मतदारसंघात कुठंही कुणी गेलं की जार्लथ दाराशी उभा, काळा कोट घालून. मेलेल्यांच्या वाट्याला तो जेवढा आला, तेवढा जिवंत बायकोच्या वाट्याला आला नाही. पूर्वी तो नुसता गुरांचा डॉक्टर होता, तेव्हा संध्याकाळी दोघं गाडी घेऊन समुद्रावर जात. गाडीतून उतरतसुद्धा नसत. काचेतून लाटा बघत थर्मासमधला चहा पीत, आणि बोलत जवळजवळ नसतच. त्या न बोलण्याची तिला फार आठवण यायची. दुसऱ्या कुणाजवळ गप्प बसून तसं वाटत नाही, हे तिनं करून पाहिलं होतं.

"ही शेवटची निवडणूक," असं तो या खेपेला म्हणाला होता. मग कसाबसा, अगदी शेवटच्या फेरीत निवडून आला आणि आता सरकारच त्याच्यावाचून अडलं होतं.

"बोलणी फिसकटली तर?" एकदा तिनं फोनवर विचारलं.

"तर पुन्हा निवडणूक. आणि त्यात पडलो तर सुटलो बघ. मग तू आणि मी, आणि कुणाची तरी अडलेली गाय."

तो थट्टेत बोलला असेल. पण इटानं त्या दिवसापासून देव पाण्यात घातले. रेडिओवर प्राध्यापक आणि संपादक तावातावानं भांडत. एक म्हणे, देशाला स्थिर सरकार हवं. दुसरा म्हणे, ही युती म्हणजे मतदाराच्या तोंडाला पानं पुसणं. जो बोलणी मोडणार म्हणेल, तो इटाला शहाणा वाटे.

अशातच एका वर्तमानपत्रानं त्यांच्या मतदारसंघाची जनमत चाचणी घ्यायचं ठरवलं. एका दुपारी वाऱ्यानं केस विस्कटलेली एक बाई दारात उभी राहिली. दूर कुठल्या तरी गावची होती, नाहीतर इटाला तिनं ओळखलंच असतं.

"घरात कुणी राजकारणात आहे का हो?" तिनं नियमाप्रमाणे विचारलं.

"घरात? घरात तर मी एकटीच असते."

बाईनं खऱ्यासारखीच मतपत्रिका पुढं केली. उद्याच निवडणूक असती तर कुणाला दिलं असतं मत? पसंतीच्या क्रमानं आकडे घाला, घडी करा आणि या पेटीत टाका. मी बघणार नाही.

इटानं पेन्सिल घेतली. तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हापासून तिचा एक नंबर जार्लथचाच होता. आज तो तिनं त्याच्या कट्टर वैऱ्याला दिला. मग दोन, मग तीन, असे सगळ्यांना आकडे वाटून झाले, आणि जार्लथपुढची चौकट तिनं कोरीच ठेवली. एका कागदानं कुणी पडत नाही, हे तिलाही कळत होतं. पण घडी घालताना तिला शाळा चुकवल्याचा आनंद झाला.

रविवारी आकडे छापून आले. वाटाघाटींमुळे जार्लथ त्या आठवड्यात घरी आलाच नव्हता. जार्लथ घसरला होता. उद्या निवडणूक झाली तर त्याची जागा जाणार, असं स्पष्टच लिहिलं होतं.

"कृतघ्न मेले!" डेलियानं पेपर टेबलावर आपटला. "कुणाची गाय त्यानं वाचवली नाही, सांग. तोंडावर जार्लथ जार्लथ, आणि पाठ फिरली की हे."

"असतात एकेक," इटा म्हणाली आणि किटली भरायला वळली.

डेलिया गेल्यावर तिनं जार्लथच्या खुर्चीवर साठलेले निवेदनांचे गठ्ठे उचलून शेडमध्ये टाकले. उशीचा अभ्रा बदलला. मेंढीच्या मांसाचा रस्सा करू या, त्याला आवडतो, असंही मनाशी ठरवून टाकलं. किती तरी वर्षांनी ती काम करताना गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"इटा, मी सही केली," जार्लथ म्हणाला. "पाठिंबा दिला. राज्यमंत्रिपद देतायत. पाच वर्षं."

इटा त्याच्या रिकाम्या केलेल्या खुर्चीवर बसली.

"खरं सांगू? मी नाहीच म्हणणार होतो. या शुक्रवारी घरी येऊन तुलाच आधी सांगायचं ठरवलं होतं, की पुरे झालं आता. पण ते आकडे आले गं. बोलणी मोडून पुन्हा निवडणूक झाली असती, तर जागा माझ्या त्या वैऱ्याच्या घशात गेली असती. मग कसला वॉर्ड आणि कसला धक्का? आणि लोकांनी हाकलला म्हणून घरी बसला, असं आपल्या दारात येऊन कुणी म्हणायला नको. लागलं गं मनाला. एवढे का वाईट होतो आपण?"

सगळं तिच्या ओठांवर आलं. पण ऐकून त्याला आणखीच लागलं असतं, आणि सही काही पुसली गेली नसती.

"नाही रे," ती म्हणाली. "तू वाईट नाहीस."

"रागावलीस?"

"नाही. जेवलास का?"

"खाल्लं काहीतरी. सूप होतं."

"कसलं?"

"लीकचं असावं. पाणचट होतं."

"आणि ब्रेड?"

तो ब्रेडबद्दल सांगू लागला. मागून त्याला कुणीतरी हाक मारत होतं, मंत्रिमहोदय म्हणून. इटा पुढचा प्रश्न शोधत होती. आणखी थोडा वेळ त्यानं फोन ठेवू नये, एवढंच आता तिला हवं होतं.