गाइडबाईंचे तीन गप्प आठवडे

गाइडबाईंचा घसा बसला तो ऐन हंगामाच्या तोंडावर. दोन दिवस आवाज खरखरला, तिसऱ्या दिवशी चिरकला, आणि चौथ्या दिवशी सकाळी बोटीतून उतरलेल्या घोळक्यासमोर "नमस्कार मंडळी" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तर नुसतीच हवा बाहेर आली.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. घाबरण्यासारखं काही नाही. पण तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण पडतो."

बाईंनी कागदावर लिहिलं, 'मी गाइड आहे.'

डॉक्टरांनी ते वाचलं. "म्हणूनच तर आल्यात गाठी," ते म्हणाले.

बाई काही मूळच्या त्या गावच्या नव्हत्या. आईचं आजारपण काढण्यात त्यांची चाळिशी उलटली होती. आई गेल्यावर रिकामं घर खायला उठलं, तेव्हा एका हंगामापुरत्या म्हणून त्या इथे आल्या आणि अकरा वर्षं राहिल्या. वेशीलगतच्या किल्लीवाल्याच्या दुकानाच्या वर त्यांची भाड्याची खोली होती. रोज नऊला, बाराला आणि चारला त्या धक्क्यावरून निघत. चौकातलं कारंजं, जुनी वेस, निळ्या खिडकीची गल्ली आणि शेवटी मनोरा, अशी दीड तासाची फेरी. भाषण तेच, थांबे तेच, विनोदही तेच. संध्याकाळच्या बोटीनं माणसं निघून जात, आणि बाई वर जाऊन दार लावून घेत.

गावाशी त्यांचे संबंध नमस्कार-चमत्कारापुरतेच होते. त्याला कारणही होतं. पंचवीस-तीस माणसांचा घोळका घेऊन आपण लोकांच्या दुकानांची तोंडं अडवतो, म्हणजे या गावाला रोज तीनदा होणारा त्रास आहोत, अशी त्यांची स्वतःबद्दलची ठाम समजूत होती. म्हणून त्या मान खाली घालून झपाझप चालायच्या. झपाझप चालणाऱ्या बाईला कोण कशाला थांबवेल?

तीन आठवडे घरी बसणं काही परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी रात्री बसून सगळं भाषण मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यांवर उतरवून काढलं. बेत असा, की प्रत्येक थांब्यावर एका पर्यटकाच्या हातात पुठ्ठा द्यायचा, त्यानं तो वाचायचा, आपण फक्त छत्री उंच धरून पुढे चालायचं.

पहिल्याच थांब्यावर बेताचे तीनतेरा वाजले. कारंज्यापाशी ज्या गृहस्थांच्या हाती पुठ्ठा गेला ते अडखळत, पुटपुटत वाचायला लागले. मागच्यांना ऐकू येईना. दोघीजणी टोप्यांच्या दुकानाकडे सटकल्या, एकानं फोन काढला. बाईंनी छत्री आणखी उंच धरली.

तेवढ्यात समोरच्या दुकानातून न्हावी बाहेर आला. हातात कात्री, खांद्यावर टॉवेल. त्यानं त्या गृहस्थांच्या हातातला पुठ्ठा हळूच काढून घेतला, न बघताच काखेत मारला आणि खणखणीत आवाजात सुरू झाला.

"मंडळी, जरा सावलीत या. या कारंज्याला पाणी का नाही, असं विचारणारे तुम्ही पहिले नाही. हे बांधलं तेव्हा उद्घाटनाला मोठी माणसं आली, बँड आला, सगळं आलं. फक्त पाणी आलं नाही."

इथे तो थांबला. बाई नेमक्या जितक्या थांबायच्या तितकाच. लोक हसले. मग त्यानं, बाई खाकरायच्या तसं, हलकंसं खाकरून पुढचं सांगायला घेतलं. कोणत्या साली बांधलं ते, दगड कुठून आणला ते, सगळं तोंडपाठ. एका ठिकाणी जरा अडला, तर दुकानातल्या खुर्चीतून, तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक ओरडलं, "कबुतरांचं राहिलं." मग कबुतरांचंही झालं.

बाई बघतच राहिल्या. घोळका पुढे सरकल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'हे तुम्हाला कसं येतं?'

"दिवसाला तीन वेळा, अकरा वर्षं," न्हावी म्हणाला. "बाई, मला माझ्या मुलांचे वाढदिवस पाठ नाहीत, पण हे पाठ आहे. परवापासून तुम्ही दिसला नाहीत, तर दुकानात एकच चर्चा, की आजारी पडल्या का गाव सोडून गेल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिना उतरल्या तर किल्लीवाले काका दुकानाच्या दारावर 'येतोच' अशी पाटी अडकवत होते. धुवट शर्ट घातला होता, केस चापून बसवले होते.

"वेशीचं मी बघतो, ताई," ते म्हणाले. "खिडकी उघडी असली की तिथलं सगळं ऐकू येतं मला. पण एक सांगून ठेवतो. वेशीच्या कुलपाचं वजन तुम्ही चाळीस किलो सांगता, ते मी सांगणार नाही. मी ते कुलूप स्वतः मांडीवर घेऊन दुरुस्त केलंय. नऊ किलो असेल."

बाईंनी मान हलवली. दुसरं करणार काय?

वेशीपाशी काका नुसतं बोलले नाहीत. त्यांनी कुलूप कसं चालतं ते हातवारे करून दाखवलं, चोर कुठे फसतो ते दाखवलं, आणि तीन मिनिटांच्या थांब्याला बारा मिनिटं लावली. कुणीही टोप्यांच्या दुकानाकडे गेलं नाही. छत्री धरून उभं राहिलेल्या बाईंना अकरा वर्षांत प्रथमच त्या वेशीकडे नीट बघायला सवड मिळाली.

राहता राहिली निळ्या खिडकीची गल्ली. तिथे दुकान नव्हतं, कुणी उभं राहणारं नव्हतं. जुनी घरं, बंद दारं. बाईंनी नाइलाजानं पुठ्ठा काढला आणि समोरच्या मुलीला दिला. मुलगी वाचायला लागली. "या निळ्या खिडकीत एका खलाशाची बायको एकोणीस वर्षं रोज दिवा लावून बसत असे. तिचा नवरा समुद्रावरून परत..."

कर्र असा आवाज झाला आणि निळी खिडकी उघडली. बाईंनी ती खिडकी उघडलेली आजवर पाहिली नव्हती. आत एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या पुढची. तिची नजर घोळक्याच्या बरीच वर, कुठेतरी भलतीकडेच होती.

"ती माझी सासू," म्हातारी म्हणाली. "आणि दिवा लावून बसायची कारण शिवणकाम करायची. नवरा कुठे गेला नव्हता. आतल्या खोलीत घोरत पडलेला असायचा."

घोळक्यात खसखस पिकली. बाईंना मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. अकरा वर्षं आपण त्या घराच्या दारात उभं राहून त्या घरच्यांची खोटी गोष्ट सांगत होतो, आणि आत माणूस बसून ऐकत होतं.

दुपारची फेरी आटोपल्यावर त्या पुन्हा निळ्या खिडकीच्या घरी गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आतली खोली लहान, पण लख्ख होती. भिंतीला लागून पलंग, खिडकीशी खुर्ची, शेजारच्या स्टुलावर औषधांची डबी आणि पाण्याचा तांब्या. बाईंनी वहीत 'माफ करा, मला खरं माहीत नव्हतं' असं लिहून वही पुढे केली.

"काय धरलंयस पुढ्यात?" आजी म्हणाल्या. "मला दिसत नाही, बाई. उजेड-अंधार कळतो, इतकंच. तू कोण ते बोल."

बाईंनी हात टेकले. एकीला बोलायची बंदी, दुसरीला दिसत नाही. काही न सुचून त्यांनी छत्रीचं टोक फरशीवर आपटलं.

आजींनी मान तिरकी केली. "छत्री. म्हणजे तू गाइड. घसा बसलाय ना तुझा? न्हाव्याकडून निरोप आला मला. बरं, असं कर. एकदा टकटक केलंस म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. चहा घेणार?"

टक.

"माफी मागायला आलीस?"

टक.

"नको मागूस. चहा तेवढा तू कर, माझ्या हातून सांडतो."

बाईंनी चहा केला. साखर कुठल्या डब्यात ते आजींनी बसल्या जागेवरून सांगितलं. घोट घेत घेत त्या बोलत राहिल्या, आणि आयुष्यभर लोकांना ऐकवत आलेल्या बाई प्रथमच नुसत्या ऐकत बसल्या.

"तू म्हणशील, इतकी वर्षं ही गप्प का बसली? अगं, माझी सासू जन्मभर लोकांचे फाटके शर्ट शिवत मेली. तिचं नाव घेणारं कोण होतं? तू रोज तीनदा तिचं सांगायचीस आणि माणसं 'अरेरे' म्हणायची. मला बरं वाटायचं. आणि दुसरं म्हणजे, तुझ्यावर माझ्या गोळ्या आहेत."

बाईंना काही उमगेना. त्यांनी दोनदा टकटक केलं.

"अगं, मला घड्याळ कुठलं दिसायला? तुझी पहिली फेरी आली की सकाळची गोळी, दुसरी आली की दुपारची, चारची आली की तिसरी. मधे तुझा आवाज बंद झाला, तर माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं. एक दिवस दोनदा घेतली, एक दिवस घेतलीच नाही. चक्कर येऊन इथेच बसकण मारली मी. दूधवाल्यानं उचलून बसवलं."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. आपल्या आवाजावर कुणाचं तरी काही अवलंबून असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. रडणं घशाला चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं. त्यामुळे त्या जपून, आवाज न करता रडल्या. आजींना दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या दिवसापासून फेरी गल्लीत आली की बाई आधी निळ्या खिडकीवर छत्रीनं टकटक करत. आजी गोळी घेत, पाणी पीत, आणि मग खिडकी उघडून आपल्या सासूची खरी गोष्ट सांगत. ती दिव्याच्या गोष्टीपेक्षा लांब होती आणि रोज थोडी वेगळी असे. एके दिवशी घोरणारा सासरा गाऊही लागला. किल्लीवाल्या काकांनी हरकत घेतली, की बाईंचे चाळीस किलो आपण खोडून काढले, मग हे कसं चालतं. आजी म्हणाल्या, "माझा सासरा आहे, मी ठरवीन."

रविवारी किल्लीवाल्या काकांच्या घरच्या काकू वर येऊन दारात उभ्या राहिल्या. "जेवायला खाली या. बोलायचं नसलं तरी जेवायला बंदी नाही ना? अकरा वर्षं विचारीन विचारीन म्हणते. पण तुम्ही इतक्या गडबडीत असता, वाटायचं, तुम्हाला माणसांचा कंटाळा येत असेल. दिवसभर माणसंच माणसं."

बाईंनी वहीत लिहिलं, 'मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा येत असेल.'

काकूंनी ते दोनदा वाचलं आणि त्या इतकंच म्हणाल्या, "चला, निवतंय."

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. गाठी विरल्या होत्या. "पण एकदम सुटू नका. आठवडाभर दिवसाला पाच मिनिटं. विचार करून खर्च करा."

पहिल्या दिवशीची पाच मिनिटं बाईंनी निळ्या खिडकीपाशी खर्च केली. आवाज जाडसर, ओळखू न येणारा झाला होता. काय बोलावं हे त्यांना गल्लीत शिरेपर्यंत सुचलं नव्हतं. मग त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं. तिलाही शेवटी दिसत नव्हतं, आणि तीही साखरेचा डबा कुठे आहे ते पलंगावरूनच सांगायची. पाच मिनिटांची सहा झाली.

हंगाम संपेपर्यंत त्यांचा आवाज पूर्ववत झाला, पण फेरी काही पूर्ववत झाली नाही. कारंजं न्हाव्याकडेच राहिलं, वेस काकांकडे. दीड तासाची फेरी सव्वादोन तासांवर गेली आणि बाराची फेरी साडेबाराला निघू लागली. कुणी तक्रार केली नाही.

मग बोटी बंद झाल्या. दरवर्षी या दिवसांत बाई खोलीत बसून राहत किंवा मावसबहिणीकडे जाऊन पाहुणी म्हणून अवघडत. यंदा पहिल्याच रिकाम्या सकाळी नऊच्या आधी त्या छत्री घेऊन निघाल्या. पर्यटक एकही नव्हता. न्हाव्यानं आत बोलावलं आणि मुलीच्या लग्नाचं ठरतंय ते सविस्तर ऐकवलं. टोप्यांच्या दुकानदारानं उरलेल्या टोप्यांतली एक जबरदस्तीनं डोक्यावर चढवली. वेशीपाशी काकूंनी हातात डबा दिला, तो आजींना पोचवायचा होता. निळ्या खिडकीशी पोचेपर्यंत दहा वाजून गेले.

"ही वेळ झाली का?" आतून आवाज आला. "गोळी मी आपली अंदाजानं घेतली."

"वाटेत सगळ्यांनी थांबवलं हो, आजी."

"थांबवणारच. ये आत. दार लोट, गार वारा येतोय. न्हाव्याच्या मुलीचं कुठे ठरलं, ते आधी सांग."