कोणती कशासंगं

एस्तेरबाईंनी केलेल्या वाईनच्या शेवटच्या तीन बाटल्या ज्वारीच्या कणगीत होत्या, म्हणून वाचल्या. भूकंपाच्या त्या पहाटे माळवद खाली आलं, दगडामातीच्या भिंती आतल्या आत बसल्या, पण कोपऱ्यातली कणगी नुसती कलंडली. मग पाऊस लागला, ज्वारी सडली. शेजारच्या सिंधुमावशीनं ती उपसताना एकेक बाटली पदरानं पुसली आणि जपून ठेवली. एस्तेरबाई वाचल्या नव्हत्या.

किल्लारीजवळच्या त्या गावात त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळं गाव त्यांना शिष्टरबाई म्हणायचं. नवरा शांतवन तिथल्याच शाळेत मास्तर. ख्रिस्ती घर गावात एकच, त्यामुळे ईस्टरचा सण त्यांच्याकडे आणि जेवायला निम्मी गल्ली, असा प्रकार होता. बेत ठरलेला असे: कलेजी, मटणाचा रस्सा आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. सोबत एस्तेरबाईंनी आदल्या वर्षी घातलेली वाईन तीन प्रकारची, काळ्या द्राक्षांची, जांभळांची आणि काळ्या मनुकांची. लातूरहून येणाऱ्या पाळकसाहेबांना दारू वर्ज्य होती. ते तिला सरबत म्हणत आणि दुसरा पेला मागून घेत.

कोणती वाईन कशासोबत द्यायची, हे मात्र दरवर्षी नव्यानं ठरायचं. एस्तेरबाईंचं म्हणणं असं की बाटलीत वर्षभर काय काय घडतं ते बाहेरून कळत नाही. गेल्या साली मटणाला शोभलेली जांभळाची यंदा तुरट होऊन बसली असेल, तर तिला कलेजीसोबत बसवावं, कलेजीचा तुपकटपणा तीच मारते. हे ठरवायचं शांतवन मास्तरांच्या नाकानं. उपासना आटोपून घरी आलं की मास्तर डोळे मिटून पाटावर बसत. एस्तेरबाई एकेक पेला नाकाखाली धरत. चाखायचं नाही, नुसता वास घ्यायचा. मास्तर म्हणत, ‘‘ही मटणासंगं.’’ एस्तेरबाई एक घोट घेऊन बघत आणि ‘‘बरोबर’’ नाहीतर ‘‘चूक, मास्तर, छडी घ्या’’ असं म्हणत. बाहेर पंगत ताटकळलेली असे, आणि आत या दोघांचं हसणं संपत नसे.

आता मास्तर लातुरात लेकीपाशी राहत होते. तबिथा रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन नुकतीच एका शिकवणी वर्गात शिकवू लागली होती. तिच्या दोन खोल्यांभोवती सगळी भाड्यानं राहणारी मुलं, कुणी हदगावचं, कुणी उदगीरचं. पहाटेपासून भिंतीपलीकडून सूत्रं पाठ करण्याचा गजर चालायचा. मास्तर या आवाजात खिडकीशी बसून असत. विचारलं तर बोलत, नाहीतर नाही. दूध उतू जाऊन जळालं तरी जागचे हलत नसत. एकदा विटलेली भाजी त्यांनी मुकाट्यानं संपवली होती. ‘‘पप्पा, ही आंबलीय की!’’ तबिथा ओरडली, तेव्हा म्हणाले, ‘‘आसंल. माझं ध्यान नव्हतं.’’ माणूस दुःखात असला की असं होतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

म्हणून तर तिनं यंदाचा ईस्टर मनाशी धरून ठेवला होता. आईच्या बाटल्या उघडायच्या, पप्पांना पाटावर बसवायचं. डोळे मिटून त्यांनी एकदा ‘मटणासंगं’ म्हटलं की त्यांच्यातलं काहीतरी परत येईल, याची तिला जवळजवळ खात्री होती. सिंधुमावशीला तिनं जेवायला बोलावलं होतं. बाटल्या तीच घेऊन येणार होती.

पहाटे कबरस्तानात उपासना झाली. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, लोक एकमेकांच्या ज्योतीवर त्या पुन्हा पेटवत होते. ‘‘प्रभू उठला आहे,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘खरोखर उठला आहे,’’ सगळे म्हणाले. मास्तरांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

सिंधुमावशी किल्लारीहून जीपनं आली. कडेवर गोधडीत गुंडाळलेलं बोचकं, जसं काही तान्हं लेकरूच.

‘‘जीपवाला इचारायलता, काय हाय म्हणून. म्हटलं, शिष्टरबाईचं सरबत हाय, खड्ड्यात घातलास तर बघ.’’ तिनं बाटल्या खाली ठेवल्या आणि मास्तरांकडे बघून पदर सारखा केला. ‘‘सलाम, मास्तर. लई वाळलाव की.’’

‘‘ये, सिंधु. व्यंकट न्हाई आला?’’ मास्तरांनी तिच्या नवऱ्याचं विचारलं.

‘‘पत्र्याच्या शेडात राखण कोण करंल? ते म्हणले, माझा पेला तूच पी.’’

मास्तर किंचित हसले. तबिथाला तेवढ्यानंही बरं वाटलं. सिंधुमावशी भाकऱ्या थापायला आतल्या खोलीत गेली. तबिथानं पाट मांडला.

‘‘पप्पा, बसा. डोळे मिटा.’’

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. नको म्हणतील असं तिला वाटलं, पण ते उठले, पाटावर बसले आणि डोळे मिटले. तिनं पहिली बाटली उघडली. लाखेचा तुकडा उडाला आणि दालचिनीचा इतका दाट वास आला की तिचे डोळेच भरले. मनुकांची. दालचिनी आई फक्त मनुकांत घालायची. तिनं पेला त्यांच्या नाकाखाली धरला.

मास्तरांनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. कपाळावर आठी आली.

‘‘जांभळाची,’’ ते म्हणाले. ‘‘कलेजीसंगं दे.’’

दुसरी बाटली द्राक्षांची निघाली. ती त्यांनी मनुकांची ठरवली आणि हुग्गीला लावली. बोलताना ते थोडं थांबत होते, पाठ न केलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना वर्गातली मुलं थांबतात तसे.

दोनदा चुकणं म्हणजे पुरावा नव्हे, असं ती मुलांना सांगायची. एक पेला असाही हवा ज्यात काहीच नसेल, म्हणजे तुलना करता येते. तिचा हात आपोआप माठाकडे गेला. तिनं स्वच्छ पेल्यात पाणी ओतलं आणि तो त्यांच्या नाकाखाली धरला.

मास्तरांनी या खेपेला खूप वेळ घेतला. चेहरा सैल झाला. सहा महिन्यांत तिनं तो इतका शांत पाहिला नव्हता.

‘‘ही काळ्या द्राक्षांची,’’ ते म्हणाले. ‘‘लई छान उतरली. ही मटणासंगं.’’

तिनं पेला एकदम मागे घेतला आणि पाण्याचे दोन थेंब त्यांच्या मनगटावर सांडले. त्यांनी डोळे उघडले. पेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता.

भिंतीपलीकडे मुलं मोठमोठ्यानं काहीतरी घोकत होती.

‘‘पाणी हाय व्हय,’’ मास्तर म्हणाले.

‘‘हो, पप्पा.’’

‘‘चांगलं केलंस. मीबी नक्कल करणाऱ्या पोरांना आसंच पकडायचो.’’

‘‘पप्पा, कधीपासून?’’

मास्तरांनी हात डोक्यामागे नेला. कोसळलेल्या माळवदाच्या लाकडानं पडलेली खोक तिथं होती, वर केस आता उगवले होते. ‘‘त्याच दिवसापासून. तिला बाहीर काढलं तवा मी जवळच हुतो. तिच्या हाताला कायम डेटॉलचा वास यायचा बघ. हात नाकाला लावला, तर न्हाईच. मला वाटलं, मेलं की माणसाचा वास जात आसंल.’’ ते थांबले. ‘‘मग छावणीत सगळे नाकाला फडकं बांधून हिंडू लागले. मला काहीच येत नव्हतं. तवा कळलं.’’

तबिथानं हे जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. नाकाच्या छतात चाळणीसारखं हाड असतं, त्यातून वासाचे तंतू मेंदूकडे जातात. डोक्याला मागून मार बसला की मेंदू हिसका खातो आणि तंतू तुटतात. कुणाचे पुन्हा जुळतात, कुणाचे कधीच नाही. परीक्षेत तिला त्यावर पूर्ण गुण मिळाले होते. आणि विटलेली भाजी खाणारा बाप तिच्यासमोर इतके दिवस बसून होता.

‘‘मला का नाही सांगितलं?’’

‘‘डॉक्टर म्हणले, आला तर येईल. मी धरून हुतो, तिची बाटली उघडली की येईल.’’ ते उघड्या बाटल्यांकडे बघत होते. ‘‘तिनं केलेली हाय ना. बाकी कशाचा न्हाई तरी हिचा येईल.’’

आतून सिंधुमावशीचा आवाज आला, ‘‘काय चाललंय बापलेकीचं? माझ्या पोटात कावळे वरडायलेत! हितं भाकरी वातड व्हायली!’’

‘‘आलो, आलो,’’ मास्तरांनी उत्तर दिलं. मग ते पाटावरून उठले आणि गुडघ्यावर हात टेकून पाटासमोर उकिडवे बसले. ‘‘तू बस हितं. डोळे मीट.’’

‘‘मला नाही येत, पप्पा. मी कधी केलंय?’’

‘‘रोज वर्गात नळ्या हुंगत आस्तीस. बस.’’

ती बसली. पाट त्यांच्या अंगानं कोमट झालेला होता. तिनं डोळे मिटले. तिसरी बाटली उघडल्याचा आवाज आला, मग पेला नाकाखाली आला, थोडा तिरपा, गालाला लागेल इतका जवळ. मास्तरांना अंतराचा अंदाज येत नव्हता. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं, ते एस्तेरबाईंचं होतं.

तिनं वास घेतला. आधी तिच्या मनात शिकलेली नावं आली, आम्लं, एस्टरं. मग ती मागं पडली आणि जून महिना आला. दवाखान्यामागचं जांभळाचं झाड, खाली पसरलेलं धुवट लुगडं, आलेल्या रुग्णापासून जांभळी बोटं लपवत ‘‘थांब हं, हात धुते’’ म्हणणारी आई. त्यामागे तिला ज्वारीच्या कणगीचा जुनाट, धुळकट वास आला. डेटॉल कुठंच नव्हतं. तिनं पुन्हा शोधलं. नव्हतं.

‘‘काय येतंय?’’ मास्तरांनी हळूच विचारलं.

‘‘जांभूळ. आणि कणगी.’’

‘‘आजून?’’

तिला माहीत होतं ते काय विचारताहेत. एक शब्द उच्चारला असता तर भागलं असतं.

‘‘आणखी काही नाही, पप्पा,’’ ती म्हणाली.

मास्तरांचा श्वास तिला ऐकू आला. पेला मात्र जागचा हलला नाही.

‘‘बरं. कशासंगं द्यावी?’’

‘‘तुरट वाटतेय. कलेजीसंगं.’’ ती डोळे न उघडता थांबून राहिली, जसे ते दरवर्षी थांबायचे. मग तिनं विचारलं, ‘‘बरोबर?’’

पेला नाकाखालून गेला. मास्तरांनी एक घोट घेतल्याचा आवाज आला.

‘‘जिभेला आंबट लागतंय एवढंच,’’ ते म्हणाले. ‘‘बरोबर का चूक, ते सांगणारी न्हाई ना आता.’’

आत सिंधुमावशीनं ताटं मांडायला घेतली होती. तबिथानं डोळे उघडले, त्यांच्या हातातला पेला घेतला आणि कलेजीच्या ताटाशी नेऊन ठेवला.